ट्रान्समिशनसाठी पॉवर इलेक्ट्रॉनिक्स शिकायचंय? आधी लाईन समजून घ्या

या फिल्डमध्ये यायचं ठरवलेली मुलं मला हमखास विचारतात की सुरुवात कशापासून करू, आयजीबीटी (पॉवर स्विच), एमएमसी (मॉड्युलर मल्टिलेव्हल कन्व्हर्टर) की थेट कंट्रोल कोडिंग? माझं उत्तर ठरलेलं आहे, आधी लाईन शिका. पीडब्ल्यूएम (स्विच चालू-बंद करायची पद्धत) उत्तम येणारे बरेच जण भेटतात, पण हे डिव्हाईस याच बसवर (ग्रिडमधला लाईन जोडायचा बिंदू) का बसवलं असं इंटरव्ह्यूमध्ये विचारलं की अडकतात, आणि नोकरीत रोजचा प्रश्न तोच असतो.

दोन बसच्या मधल्या लाईनमधून किती पॉवर जाणार हे दोन्हीकडचे व्होल्टेज, मधला रिॲक्टन्स आणि त्यांच्यातला अँगल यावर ठरतं. हे समीकरण सगळ्यांना पाठ असतं, पण ते एकदा फॅक्ट्सच्या (एसी लाईनवरची पॉवर इलेक्ट्रॉनिक्सने ताबा ठेवणारी उपकरणं, एफएसीटीएस) नजरेने वाचा. एसव्हीसी (थायरिस्टरने नियंत्रित कपॅसिटर-रिॲक्टर) आणि स्टॅटकॉम (तेच काम करणारा कन्व्हर्टर) व्होल्टेज सांभाळतात, टीसीएससी (थायरिस्टरने नियंत्रित सिरीज कपॅसिटर) रिॲक्टन्स बदलतो, फेज शिफ्टर अँगल, आणि यूपीएफसी (युनिफाईड पॉवर फ्लो कंट्रोलर) तिन्हीला हात घालतो. नारायण हिंगोरानींनी १९८० च्या दशकात फॅक्ट्सची कल्पना मांडली तिचा गाभा हाच, की आहे त्याच लाईनमधून जास्त आणि आपल्याला हवी तशी पॉवर न्यायची. लांब लाईनवर तार तापायच्या आधी स्टॅबिलिटीची मर्यादा आडवी येते, तिथे ४० टक्के रिॲक्टन्स सिरीज कपॅसिटरने कमी केला तर त्याच अँगलला जवळपास १.६७ पट पॉवर जाते. त्यात धोकाही आहे बरं का, अमेरिकेत मोहावी पॉवर स्टेशनला १९७० आणि १९७१ मध्ये सिरीज कपॅसिटरवाल्या लाईनमुळे सबसिंक्रोनस रेझोनन्स (ग्रिडपेक्षा कमी फ्रिक्वेन्सीची, लाईन आणि शाफ्टमध्ये वाढत जाणारी कंपनं) होऊन जनरेटरचा शाफ्ट खराब झाला होता. टीसीएससीमध्ये थायरिस्टर कंट्रोल असल्यामुळे हे बरंच आटोक्यात ठेवता येतं, म्हणून त्याचं महत्त्व.

एसव्हीसी की स्टॅटकॉम हा प्रश्न तर हमखास येतो, आणि 'स्टॅटकॉम फास्ट असतो' एवढ्यावर थांबू नका. फॉल्टमुळे व्होल्टेज नेहमीच्या ०.७ पट इतका खाली आला असं धरा. एसव्हीसी पूर्ण कपॅसिटिव्ह गेला की तो शेवटी साधा कपॅसिटरच, त्याचा रिॲक्टिव्ह पॉवर व्होल्टेजच्या वर्गाने पडतो म्हणजे ४९ टक्के उरला. स्टॅटकॉम करंट धरून ठेवतो, म्हणून त्याचा ७० टक्के. ग्रिडला मदतीची सगळ्यात जास्त गरज असते नेमकी तेव्हाच हा फरक पडतो, मला ही गोष्ट पहिल्यांदा समजली तेव्हा हा विषय खरंच आवडायला लागला.

एचव्हीडीसीचं (हाय व्होल्टेज डीसीने वीज नेणं) थोडक्यात सांगतो. १९५४ ला स्वीडनमधल्या गॉटलंडची २० मेगावॅटची लिंक मर्क्युरी आर्क व्हॉल्व्हवर चालू झाली, मग थायरिस्टर आले, मग व्हीएससी (व्होल्टेज सोर्स कन्व्हर्टर). थायरिस्टरवाल्या एलसीसीला (लाईन कम्युटेटेड कन्व्हर्टर) कम्युटेशनसाठी, म्हणजे करंट एका व्हॉल्व्हवरून दुसऱ्यावर नेण्यासाठी, ग्रिडचा व्होल्टेज लागतोच, व्हीएससी स्वतः व्होल्टेज तयार करतो म्हणून ब्लॅक स्टार्टही (बंद पडलेला ग्रिड पुन्हा सुरू करणं) करू शकतो. व्हीएससीवर वेळ द्या, नवीन कामं तिकडे भरपूर आहेत.

आता प्रॅक्टिस. सिम्युलिंक किंवा पीएसकॅड या सिम्युलेशन सॉफ्टवेअरमध्ये एक व्हीएससी आणि त्यापुढे थेवेनिन ग्रिड (एक व्होल्टेज सोर्स आणि इम्पिडन्स) एवढंच मॉडेल बनवा, आधी ॲव्हरेज मॉडेल, स्विचिंग नंतर. शॉर्ट सर्किट रेशो (कन्व्हर्टरच्या तुलनेत ग्रिड किती मजबूत आहे तो आकडा) ५ ठेवून पीएलएल (ग्रिडच्या व्होल्टेजचा अँगल पकडणारा कंट्रोल) ट्यून करा, मग गेन तेच ठेवून रेशो १.५ पर्यंत हळूहळू उतरवा. आधी छान चालणारा कंट्रोल डोलायला लागतो, मग पीएलएलची बँडविड्थ कमी करून बघा काय होतं, आणि का होतं ते कागदावर लिहा. वीक ग्रिड आणि ग्रिड फॉर्मिंगची (कन्व्हर्टरनेच ग्रिडचा व्होल्टेज उभा करणं) आज जी चर्चा चालू आहे तिचं मूळ या एवढ्याशा मॉडेलमध्ये दिसतं.

नोकरी लागल्यावर पहिली संधी मिळाली तर फॅक्टरी टेस्ट मागून घ्या. तिथे साईटवर जाणारं खरं कंट्रोल पॅनेल रिअल टाईम सिम्युलेटरला जोडून फॉल्टवर फॉल्ट टाकतात आणि प्रत्येकाचा प्लॉट तपासतात. फॉल्ट चालू असतानाच्या भागाकडे सगळे बघतात, तुम्ही फॉल्ट क्लिअर झाल्यानंतरचा व्होल्टेज ओव्हरशूट आणि पॉवर किती वेळात परत आली ते आधी बघा, कारण गडबड बहुतेक वेळा तिथेच सापडते.