दवाखान्याची वर्षाची वर्गणी: भरण्याआधी काय विचारायचं, भरल्यावर कशी वापरायची

जुळे सोलापुरातल्या आमच्या दवाखान्यात वर्षाची वर्गणी भरून अख्ख्या घराची नोंद करता येते. रजिस्टर माझ्याकडे असतं. नाव लिहिण्याआधी बहुतेकजण विचारतात, "सिस्टर, वर्षभर आजारीच पडलो नाही तर पैसे वाया गेले की ओ?" वर्गणी असते डॉक्टरांच्या वेळेची. बरं असतानाही त्यांनी तुमच्यावर लक्ष ठेवावं, शुगर हाताबाहेर जायच्या आधी बोलवावं, फोन उचलावा, यासाठी ती भरायची. वर्षातून एखाद्या तापाला येणाऱ्या तरण्या माणसाला ती परवडत नाही, हे मी तोंडावर सांगते. घरात बीपी, शुगर, दमा असेल, लहान लेकरं किंवा म्हातारी माणसं असतील, तर गेल्या वर्षीच्या चिठ्ठ्या काढा, तपासणी फी किती वेळा दिली ते मोजा आणि ती बेरीज वर्गणीशी ताडून बघा. औषधं आणि रक्त-लघवीचा खर्च त्यात धरू नका. तो बहुतेक ठिकाणी वर्गणीबाहेरच असतो.

एक गोष्ट पक्की लक्षात घ्या. वर्गणी म्हणजे मेडिक्लेम नव्हे. अ‍ॅडमिट व्हावं लागलं, ऑपरेशन निघालं, तर ही वर्गणी चालत नाही. उलट साध्या मेडिक्लेममध्ये अ‍ॅडमिट न होता दवाखान्यात केलेली तपासणी सहसा बसत नाही. म्हणून वर्गणी भरायला मेडिक्लेम बंद करू नका. घरात कोणाचं वय ७० किंवा त्यापेक्षा जास्त असेल, तर आयुष्मान कार्ड काढून ठेवा. ऑक्टोबर २०२४ पासून त्याला उत्पन्नाची अट नाही आणि ५ लाखांपर्यंतचे उपचार त्यात होतात. पगारातून ईएसआय, म्हणजे सरकारी कामगार विमा, कापला जात असेल (कामगाराचे ०.७५ टक्के, मालकाचे ३.२५), तर आधी तिथली सोय वापरा. ती घरच्यांनाही लागू असते. अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या कामगारांना मी आधी तेच विचारते.

पैसे देण्याआधी कागद मागा आणि तिथंच बसून वाचा. डॉक्टर गावाला गेले तर कोण बघणार? फोन किती वाजेपर्यंत, आणि उचलणार कोण? एका डॉक्टरकडे किती घरं आहेत? मधेच बंद केलं तर उरलेले पैसे परत मिळतात का? लॅब आणि मेडिकल आपल्या मनाचं निवडता येतं का? "बघू नंतर" असं उत्तर मिळालं तर घाई करू नका.

अमेरिकेत हीच पद्धत बरीच रुळली आहे. तिथं 'डायरेक्ट प्रायमरी केअर' म्हणतात. डॉक्टर विमा कंपनीकडे बिल न पाठवता रुग्णाकडून महिन्याची ठरलेली रक्कम घेतात. मुलं तिकडे असलेले आईवडील विचारतात म्हणून सांगते: १ जानेवारी २०२६ पासून एका माणसाला महिना १५० डॉलर आणि कुटुंबाला ३०० डॉलरपर्यंतची अशी वर्गणी त्यांच्या आरोग्य बचत खात्यातून (आजारपणाच्या खर्चासाठी कर न भरता पैसे साठवायचं खातं) भरता येते. मोठ्या आजारासाठीचा विमा मात्र तिथंही वेगळाच लागतो.

नाव नोंदवल्यावर पहिली भेट सगळ्यात महत्त्वाची. सकाळच्या गर्दीत येऊ नका, वेळ ठरवून या. घरातली सगळी औषधं पिशवीत घालून आणा, पाकिटांसकट. विड्या वळणाऱ्या एका मावशींचे पाय सुजत होते. त्यांची पिशवी टेबलावर रिकामी केली तर बीपीचं अ‍ॅम्लोडिपिनच निघालं, पण दोन कंपन्यांचं, दोन वेगळ्या नावांचं. दोन दवाखान्यांतून आलेलं एकच औषध मावशी दुप्पट घेत होत्या, आणि या औषधाचा डोस वाढला की पाय सुजतात. डॉक्टरांनी एक बंद केलं. नुसती चिठ्ठी बघून हे कळलं नसतं, म्हणून पिशवीसाठी मी हट्ट धरते.

त्याच भेटीत वर्षाचं वेळापत्रक लिहून घ्या. शुगर असेल तर तीन महिन्यांची सरासरी सांगणारी एचबीए१सी तपासणी ताबा नसेल तेव्हा दर तीन महिन्यांनी, ताबा असेल तर सहा महिन्यांनी. वर्षातून एकदा क्रिएटिनिन (किडनीसाठीची रक्ताची तपासणी), लघवीतलं प्रथिन, डोळ्याचा पडदा आणि पायांची तपासणी.

घरी बीपी मोजून आम्हाला पाठवत असाल तर नीट मोजा. त्याआधी अर्धा तास चहा नको, तंबाखू नको, मिश्री नको. पाच मिनिटं गप्प बसा, पाठ टेकलेली, पावलं जमिनीवर, हात छातीच्या उंचीला. मिनिटाच्या अंतरानं दोनदा मोजा आणि दोन्ही आकडे तारीख-वेळेसकट लिहा. नुसतं "बीपी वाढलंय" असा मेसेज आला की डॉक्टरांना काहीच ठरवता येत नाही.

छातीत दुखून घाम फुटला, तोंड वाकडं झालं, एक हात लुळा पडला, धाप थांबेना, तर आम्हाला मेसेज करून उत्तराची वाट बघत बसू नका. १०८ ला फोन लावा, मोठ्या दवाखान्यात जा, आम्हाला वाटेत कळवा. "अण्णा, मावशी" म्हणत हे सभासदांना मी पुन्हा पुन्हा सांगते, कारण ओळखीच्या डॉक्टरांना आधी विचारावं असंच सगळ्यांना वाटतं.

वर्ष संपत आलं की वर्गणी पुन्हा भरण्याआधी फाईल उघडा. ठरलेल्या तपासण्या झाल्या का, औषधांची यादी नवी केली का, तुमच्या फोनला उत्तर मिळत होतं का, ते बघा. रिपोर्टच्या प्रती तुमच्या हातात असल्याच पाहिजेत. काही राहिलं असेल तर डॉक्टरांना समोर बसून विचारा, आणि उत्तर पटलं तरच पैसे भरा.