अपग्रेडनंतर जुनी पॅकेजेस काढताना या चुका टाळा

डेबियन किंवा उबुंटू या लिनक्स प्रणालींची आवृत्ती बदलली की मागे बरीच जुनी पॅकेजेस (सॉफ्टवेअरचे इन्स्टॉल केलेले संच) उरतात. त्यांना सुरक्षा अपडेट मिळत नाहीत, म्हणून ती काढायलाच हवीत. फक्त घाई नको.

पहिली चूक म्हणजे कालबाह्य पॅकेजेसची यादी न वाचता सरसकट उडवणे. ‘ॲप्ट’ या पॅकेज मॅनेजरच्या ‘ॲप्ट लिस्ट’ आज्ञेला ‘?ऑब्सोलीट’ हा पॅटर्न दिला की ही यादी दिसते (प्रत्यक्ष आज्ञा अर्थात रोमन लिपीत द्यायची). यादीत नाव आलं याचा अर्थ इतकाच की पॅकेज इन्स्टॉल आहे आणि सध्याच्या एकाही रेपॉझिटरीत (पॅकेजेस जिथून उतरवली जातात त्या साठ्यात) ते मिळत नाही. डेबियन किंवा उबुंटूने वगळलेली जुनी लायब्ररी (इतर प्रोग्रॅम वापरतात तो सामायिक कोड) त्यात असते, तसाच तुम्ही डेब फाइलवरून हाताने टाकलेला प्रिंटरचा ड्रायव्हरही असतो. उबुंटूचा अपग्रेडर तर बाहेरच्या रेपॉझिटरी स्वतःच बंद करतो, त्यामुळे तिथून आलेली, रोज वापरातली पॅकेजेसही या यादीत येतात. आधी त्या रेपॉझिटरी नव्या आवृत्तीसाठी सुरू करा, ‘ॲप्ट अपडेट’ चालवा आणि मग यादी पुन्हा बघा. ती बहुधा छोटी झालेली असेल. अपग्रेडच्या शेवटी ‘कालबाह्य पॅकेजेस काढू का?’ असा प्रश्न येतो, तेव्हा ‘डी’ दाबून तपशील वाचा. शंका असेल तर नाही म्हणा. नंतर काढता येतातच.

सगळ्यात महागात पडते ती डेटाबेसची चूक. डेबियन १२ मध्ये पोस्टग्रेस या डेटाबेसची १५ वी आवृत्ती होती, डेबियन १३ मध्ये १७ वी आहे. अपग्रेडनंतर दोन्ही शेजारी शेजारी असतात. तुमचा सगळा डेटा अजून १५ कडेच असतो, आणि १७ चा नवा क्लस्टर (एका सर्व्हरखालचा डेटाबेसचा संच) रिकामा असतो. कालबाह्य यादीत मात्र १५ चं नाव येतं! १७ ला १५ ची डेटा डिरेक्टरी थेट वाचता येत नाही, आणि डेटा हलवण्यासाठी १५ चे प्रोग्रॅम जागेवर असावे लागतात. जुनं पॅकेज पर्ज करताना (सेटिंग्जसकट पूर्ण काढताना) डेटाही पुसू का, असा प्रश्न येतो. तिथे सवयीने एंटर दाबलं की बॅकअपशिवाय दुसरा आधार राहत नाही. म्हणून ‘पीजी_एलएसक्लस्टर्स’ने कुठला क्लस्टर कुठल्या पोर्टवर आहे ते बघा. नवा क्लस्टर खरोखर रिकामा असेल तर तो काढून ‘पीजी_अपग्रेडक्लस्टर’ चालवा. ॲप नव्या आवृत्तीवर नीट चालतंय हे काही दिवस पाहिल्यावरच जुनं पॅकेज काढा.

‘ॲप्ट ऑटोरिमूव्ह’ या आज्ञेचा हिशेब वेगळा आहे. दुसऱ्या पॅकेजसाठी आपोआप आलेली आणि आता कुणालाच नको असलेली पॅकेजेस तो काढतो. अपग्रेडमध्ये डेस्कटॉपचं मेटापॅकेज (इतर अनेक पॅकेजेस ओढून आणणारं पॅकेज) गळालं असेल, तर त्याच्या आधाराने आलेला अख्खा डेस्कटॉप त्याला बिनकामाचा वाटू शकतो. त्यामुळे आधी ‘सिम्युलेट’ पर्याय (प्रत्यक्ष काही न काढता नुसतं दाखवणारा) लावून काय जाणार ते वाचा. हवं ते ‘ॲप्ट-मार्क मॅन्युअल’ने राखा, किंवा मेटापॅकेज पुन्हा टाका. ऑटोरिमूव्हला सवयीने ‘-वाय’ (प्रत्येक प्रश्नाला आपोआप ‘हो’) जोडणं ही वाईट खोड आहे.

रीबूट न करताच साफसफाई करणं हीसुद्धा चूकच. मशीन अजून जुन्या कर्नलवर (प्रणालीच्या गाभ्यावर) चालत असतं. आधी नव्या कर्नलवर चढा, नेटवर्क, आवाज, डिस्प्ले बघा, आणि एक जुना कर्नल काही काळ राहू द्या. कर्नल जिथे असतात ते ‘/बूट’ भरलं म्हणून तिथल्या फाइल्स हाताने पुसू नका. पॅकेज मॅनेजरला ते कळत नाही आणि पुढच्या अपडेटला तो अडखळतो.

नको ते निघून गेलंच, तर ‘/व्हार/लॉग/ॲप्ट’मधला हिस्टरी लॉग उघडा. कुठल्या आज्ञेने काय गेलं ते त्यात तारखेसकट असतं. नेटवर्कशी संबंधित काही गेलं असेल तर रीबूटच्या आधीच ते परत टाका. डेब फाइल कॅशमध्ये सापडू शकते, म्हणून ही कॅश रिकामी करणारं ‘ॲप्ट क्लीन’ सगळ्यात शेवटी चालवावं.

एखादा प्रोग्रॅम लायब्ररी सापडत नाही म्हणून सुरू होत नसेल, तर प्रोग्रॅमला लागणाऱ्या लायब्ररी दाखवणाऱ्या ‘एलडीडी’ने नेमकी कुठली ते शोधा. नव्या लायब्ररीला जुन्या नावाची सिमलिंक (दुसऱ्या फाइलकडे नेणारा दुवा) जोडण्याचा जुगाड मात्र करू नका. प्रोग्रॅम सुरू होईल, पण कधी कोसळेल याचा नेम नाही. त्या प्रोग्रॅमची नव्या आवृत्तीसाठी बांधलेली प्रत घ्या.

फेडोरा या दुसऱ्या लिनक्सवर ‘डीएनएफ लिस्ट --एक्स्ट्राज’ अशीच यादी देतं, आणि तिलाही तीच सावधगिरी लागू आहे. फ्रीबीएसडी या युनिक्ससारख्या प्रणालीत मोठ्या आवृत्तीचा अपग्रेड करताना ‘फ्रीबीएसडी-अपडेट इन्स्टॉल’ शेवटच्या फेरीत जुन्या लायब्ररी काढतं. त्या फेरीआधी बाहेरची सगळी पॅकेजेस तिथल्या ‘पीकेजी’ या पॅकेज मॅनेजरने सक्तीने पुन्हा टाकून घ्यावी लागतात.