जिल्हा रुग्णालयाचे आकडे तपासताना या चुका टाळा

सिव्हिलच्या सेवेवर अहवाल लिहायचा म्हटलं की आधी सॉफ्टवेअर उघडलं जातं. वॉर्डातलं रजिस्टर कोण भरतं, कधी भरतं, हे बघायला कुणी जात नाही.

सगळ्यात महागात पडते ती नुसत्या मृत्युदरावरून केलेली तुलना. ग्रामीण रुग्णालयातून रेफर झालेली, रक्तस्राव न थांबलेली बाळंतीण सिव्हिलला येऊन दगावली, तर मृत्यू सिव्हिलच्या नावावर. सिव्हिलमधून मेडिकल कॉलेजला पाठवलेला रुग्ण तिथे दगावला, तर मात्र तो मृत्यू सिव्हिलच्या नावावर नाही. म्हणजे अत्यवस्थ माणसाला झटपट पुढे पाठवणारं रुग्णालय कागदावर सर्वांत चांगलं! म्हणून भरतीच्या वेळची गंभीरता, वय आणि रुग्ण कुठून आला, यानुसार गट पाडा. रेफर आणि डामा, म्हणजे डॉक्टरांचा सल्ला डावलून घरी गेलेले, यांचे आकडे मृत्यूंच्या शेजारच्याच रकान्यात हवेत. जमल्यास 30 दिवसांनी घरी फोन करून चौकशी करा.

छोट्या आकड्यांवरची टक्केवारीही फसवते. 40 भरती, 2 मृत्यू, म्हणजे 5 टक्के. पण विल्सन या संख्याशास्त्रीय पद्धतीने 95 टक्क्यांचा विश्वास अंतराल, म्हणजे खरा दर ज्या मर्यादांत असू शकतो तो पट्टा, काढला तर तो साधारण 1.4 ते 16.5 टक्के येतो. एवढ्यावर शेजारच्या जिल्ह्याशी स्पर्धा लावू नका. 30 केस पेपर तपासले आणि एकही त्रुटी सापडली नाही, तरी त्रुटींचं खरं प्रमाण 10 टक्क्यांपर्यंत असू शकतं.

रिकामा रकाना म्हणजे शून्य नव्हे. दोन्ही वेगळे नोंदवा.

सरासरीबद्दलही सावध राहा. नीती आयोगाच्या 2021 च्या अहवालात जिल्हा रुग्णालयांत लाख लोकसंख्येमागे सरासरी 24 खाटा दिसतात. बिहारमध्ये त्या 6 होत्या, पुदुच्चेरीत 222. म्हणून ओपीडीतल्या ताटकळण्याच्या वेळेसाठी मध्यक, म्हणजे क्रमाने लावल्यावर मधोमध येणारी वेळ, द्या; सोबत 90 वा शतमक, म्हणजे 90 टक्के रुग्णांचा नंबर ज्या वेळेच्या आत लागला ती वेळ.

रुग्णांकडून भरून घेतलेल्या प्रश्नावलीचा क्रॉनबॅक अल्फा (प्रश्नावलीची सुसंगती मोजणारा आकडा) 0.85 आला, की ‘सेवा विश्वासार्ह’ असं लिहून मोकळे होणारे प्रबंध कमी नाहीत. अल्फा फक्त प्रश्नांचा आपसातला मेळ सांगतो. डिस्चार्जच्या वेळी सिस्टर समोर उभ्या असताना फॉर्म भरून घेतला, तर सगळे ‘छान’वरच खूण करणार आणि अल्फा तरीही उत्तम येऊ शकतो.

तेच केस पेपर तपासणाऱ्या दोन तपासनीसांचं 90 टक्के एकमत ऐकूनही हुरळू नका. दोघांनीही 90 टक्के कागद ‘योग्य’ ठरवले असतील, तर 82 टक्के एकमत निव्वळ योगायोगानेही होतं. इथे कॅपा, म्हणजे योगायोग वगळून उरलेलं एकमत मोजणारा आकडा, येतो जेमतेम 0.44. अशा वेळी निकष दोघांसोबत बसून पुन्हा ठरवा आणि तेच कागद नव्याने तपासून घ्या.