ओल्या लाल मिरचीचा रंजका

बेळगाव, खानापूर, निपाणीकडे भाकरीसोबत रंजका (ओल्या लाल मिरचीचे भरड वाटलेले तोंडीलावणे) लागतोच, आणि संकेश्वरी मिरचीचा अभिमान तर विचारायलाच नको. पण ही मिरची मुळात मेक्सिकोकडची असून सोळाव्या शतकात पोर्तुगिजांमार्फत गोव्यात उतरली आणि तिथून घाट चढून आपल्या शिवारात रुजली. त्याआधी तिखटपणासाठी मुख्यतः मिरी वापरत असत, आणि ‘मिरची’ हे नावही तिच्याच ‘मरिच’ या संस्कृत नावाशी नाते सांगते.

पाव किलो ओल्या लाल मिरच्या देठांसकट धुवून कापडावर पूर्ण कोरड्या होईपर्यंत पसराव्यात आणि देठ नंतरच काढावेत, कारण आधी काढल्यास पाणी आत शिरते व रंजका लवकर बुरसतो. तिखटपणा बियांत असतो हा समज चुकीचा आहे. तो बिया धरून ठेवणाऱ्या पांढऱ्या गरात असतो, त्यामुळे सौम्य रंजका हवा असल्यास तो गर खरवडून काढावा. तिखट द्रव्य पाण्यात जवळजवळ विरघळत नसल्याने हातांना आधी तेल चोळावे.

मग मिरच्या, वीसेक लसूण पाकळ्या, थोडी भाजलेली मेथी आणि तीन चमचे मीठ एकत्र भरड वाटावे (बारीक वाटल्यास त्याची चटणी होते, रंजका नव्हे), चार लिंबांचा रस मिसळावा, कोरड्या बरणीत भरून फ्रिजमध्ये ठेवावे. हिंगाची फोडणी वाढतानाच, ताटातल्या रंजक्यावर घालावी.