तापमानाची शाल विणताय? या चुका टाळा

रोज एक ओळ, त्या दिवशीच्या कमाल तापमानाच्या रंगात. वर्षाअखेर ३६५ ओळींची शाल. ऐकायला सोपं, म्हणूनच लोक विचार न करता सुरुवात करतात.

सगळ्यात महागात पडते ती इंटरनेटवरचा तयार रंगतक्ता उचलण्याची चूक. तो बहुधा थंड देशातल्या कुणीतरी केलेला असतो: दर पाच अंशांना एक रंग, शून्याखाली निळ्याच्या तीन-चार छटा. मुंबईत दुपारचा पारा वर्षातले बहुतेक दिवस २८ ते ३५ अंशांच्या मध्येच घुटमळतो. माझी पहिली शाल त्या तक्त्यापायी जुलैपर्यंत नुसती पिवळी-केशरी झाली, निळ्या लडी पिशवीतच राहिल्या. मुंबईसाठी दर अंशाला रंग बदला, अडतिशी गाठणाऱ्या मोजक्या दिवसांसाठी एक लाल राखून ठेवा. नागपूरला तीन अंशांची पायरी चालेल. आधी मागच्या वर्षाचे आकडे वहीत मांडा, मगच दुकानात जा.

आधी छोटा नमुना-तुकडा विणून ओळी मोजायचा कंटाळा करू नका. दहा सेंटीमीटरला ३० ओळी बसत असतील तर शाल साधारण १२२ सेंटीमीटरची होते, २२ बसल्या तर १६६ची. पातळ लोकर घेतलीत तर खांद्यावरून घसरेल एवढीच.

आता लोकर. शालीतून पर्यावरणाची गोष्ट सांगायची आणि त्यासाठी नवी कोरी ॲक्रिलिक आणायची, हे मला पटत नाही. ॲक्रिलिक पेट्रोलियमपासून होतं आणि प्रत्येक धुण्यात त्याचे बारीक तंतू पाण्यात जातात. घरात उरलेली असेल तर मात्र खुशाल वापरा, फक्त एकाच जाडीची निवडा. नाहीतर कडा नागमोडी होतात. उत्साहाच्या भरात दख्खनी मेंढीची लोकर घेणारेही भेटतात. घोंगडीला ती उत्तम, मानेला मात्र टोचते. तिचं आसन विणा.

आणि मुख्य गफलत: एका वर्षाच्या शालीत रोजची हवा दिसते, हवामानबदल नाही. त्यासाठी एक पट्टा म्हणजे एक वर्ष धरा. ब्रिटनमधल्या रीडिंग विद्यापीठाचे हवामानशास्त्रज्ञ एड हॉकिन्स यांनी २०१८ मध्ये निळ्या-लाल पट्ट्यांची चित्रं केली, ती याच हिशोबाने. आपल्या हवामान खात्याकडे देशाच्या सरासरी तापमानाची नोंद १९०१ पासूनची आहे, आणि २०२४ हे त्यातलं सर्वांत उष्ण वर्ष. १९०१ ते २०२४ म्हणजे १२४ पट्टे. इथे फरक अंशाच्या दहाव्या भागात मोजायचा, नाहीतर पुन्हा सगळं पिवळं.

प्रत्येक वर्षाला दोन ओळी द्या, एक नको. दोन ओळींनी धागा निघाला त्याच कडेला परत येतो, कडेने वर नेता येतो आणि टोकं लपवत बसायचं काम निम्म्याहून कमी होतं.