बेटावर स्नॉर्केलिंगचा दिवस कसा घालवावा

स्नॉर्केलिंग म्हणजे डोळे-नाक झाकणारा मास्क लावून, तोंडात धरलेल्या नळीने श्वास घेत पाण्यावर पालथं तरंगणं आणि खालचं जग बघणं. त्यासाठी पट्टीचं पोहणं यावं लागत नाही. पोहता येत असेल तर उत्तमच. नसेल तर लाइफ जॅकेट आणि सोबत गाइड हवाच. पण दोघांनाही खरी गरज असते ती पाण्यावर सैल पडून तरंगण्याची आणि तोंडाने संथ श्वास घेण्याची. सगळी तयारी त्यासाठीच करायची.

आदल्या दिवशी मास्क निवडा. पट्टा डोक्यामागे न घेता मास्क चेहऱ्यावर टेकवा, नाकाने हलका श्वास आत ओढा आणि हात सोडा. चिकटून राहिला तर माप बरोबर. गळून पडला तर दुसरा बघा. पट्टा आवळून गळती थांबत नाही, उलट सिलिकॉनची कडा दुमडते आणि पाणी जास्तच येतं. कडेखाली केसांची एक बट अडकली तरी पाणी झिरपतं, मिशीमुळेही तेच होतं. चष्मा असणाऱ्यांनी नंबरचा मास्क मागावा.

शक्यतो सकाळी लवकर निघा. तेव्हा बहुधा वारा पडलेला असतो आणि पाणी नितळ. भरती-ओहोटीची वेळ, प्रवाह आणि पाण्यात उतरायची जागा स्थानिक माणसाला विचारा. ऐन ओहोटीत काही ठिकाणी प्रवाळावर इतकं कमी पाणी उरतं की पोट घासतं.

पालथं तरंगताना पाठ आणि पोटऱ्या भाजून निघतात, आणि पाणी गार लागत असल्याने ते कळतही नाही. म्हणून लांब बाह्यांचा रॅश गार्ड, म्हणजे पाण्यात घालायचा अंगाबरोबरचा शर्ट, घाला. त्यामुळे सनस्क्रीनही कमी लागतं. ऑक्सिबेन्झोन आणि ऑक्टिनॉक्झेट ही रसायनं प्रवाळाला घातक ठरू शकतात, म्हणून ती असलेल्या सनस्क्रीनची विक्री अमेरिकेतल्या हवाई राज्याने २०२१ पासून बंद केली. डबीवरची यादी वाचूनच घ्या.

आता सर्वांत महत्त्वाचं: थेट प्रवाळाकडे जाऊ नका. आधी कंबरभर पाण्यात सराव करा. मास्कच्या काचेवर आतून बेबी शाम्पूचा थेंब चोळून विसळा, म्हणजे धुकं धरत नाही. चेहरा पाण्यात घाला आणि श्वास पूर्ण बाहेर सोडा. अर्धवट सोडलेली हवा नळीत उरते, तीच पुन्हा आत येते आणि धाप लागते. मग मुद्दाम नळीत पाणी जाऊ द्या आणि ‘थू’ म्हटल्यासारखी जोरात फुंकर मारा. पाणी वरून उडून जातं. मास्कमध्ये पाणी आलं तर डोकं पाण्याबाहेर काढा, खालची कडा जराशी उचला, झालं. हे दोन्ही न घाबरता जमेपर्यंत पुढे जायचं नाही, मग त्यात सकाळचा निम्मा वेळ गेला तरी चालेल. खोल पाण्यात माणूस दमतो तो बहुतेकदा भीतीने.

फिन्स, म्हणजे पायात घालायच्या माशाच्या परांसारख्या पट्ट्या, पाण्यातच चढवा आणि त्या घालून चालायचं असेल तर उलटं चाला. जोडीदार कायम नजरेच्या टप्प्यात असू द्या. जाताना प्रवाहाच्या विरुद्ध जा, म्हणजे परतताना दमलेल्या अंगाला त्याची मदत होते. रिप करंट, म्हणजे किनाऱ्यापासून समुद्राकडे वाहणारा जोरदार प्रवाह, आत ओढू लागला तर किनाऱ्याकडे झटापट करू नका. किनाऱ्याला समांतर पोहत त्यातून बाहेर पडा. बळ पुरत नसेल तर तरंगत राहा आणि हात वर करून मदत मागा.

प्रवाळाजवळ पोहोचलात की पाय मारणं थांबवा. पाण्याखाली सगळं सुमारे एक तृतीयांश मोठं दिसतं, शिवाय आहे त्याहून जवळ वाटतं, त्यामुळे अंतर फसवतं. हात-पाय आवरूनच ठेवा. प्रवाळ हा जिवंत प्राण्यांचा समूह आहे आणि त्याच्या काही जाती वर्षाला जेमतेम काही मिलिमीटर वाढतात. त्यावर चुकूनही उभं राहू नका. एकाच जागी काही मिनिटं तरंगलात की लपलेले मासे हळूहळू बाहेर येतात. कान दिले तर बारीक कुरतडल्यासारखा आवाज येतो: पॅरटफिश चोचीसारख्या दातांनी खडकावरचं शेवाळ खरवडत असतो. त्यासोबत पोटात गेलेला प्रवाळाचा चुरा तो वाळू म्हणून बाहेर टाकतो. कित्येक बेटांच्या पांढऱ्या किनाऱ्यांत ती वाळू असते. समुद्रकासव दिसलं तर त्याचा पाठलाग करू नका, श्वास घ्यायला वर येण्याची त्याची वाट मोकळी ठेवा.

थंडी वाजू लागली किंवा पायात गोळा आला की लगेच परत फिरा. बाहेर आल्यावर भरपूर पाणी प्या. मास्क, नळी आणि फिन्स गोड्या पाण्यात धुऊन सावलीत वाळवा. उन्हाने सिलिकॉन खराब होतं.