भावंडांपैकी एकालाच घेऊन बाहेर पडताना

दोन-तीन भावंडांच्या घरात आई आणि बाबा एकाच वेळी एकाच मुलाच्या वाट्याला येणे तसे दुर्मीळच. थोरल्याचा अभ्यास घेतला जात असतो तेव्हा धाकटीला भरवायचे असते, आणि सुट्टीच्या दिवशी सगळे मिळून बाहेर पडले तरी निम्मा वेळ भांडणे सोडवण्यात जातो. म्हणून वर्षातून एखादा दिवस एकेका मुलासाठी राखून ठेवावा आणि त्या दिवशी दोघांनीही बरोबर जावे. बडोद्यासारख्या शहरात हे फारशा खर्चाशिवाय जमते. तयारी मात्र नीट करावी लागते.

पहिली तयारी घरी राहणाऱ्या मुलाची. दांडिया बाजार, रावपुरा या भागांतल्या अनेक मराठी घरांत आजी-आजोबा घरातच किंवा हाकेच्या अंतरावर असतात, त्यामुळे सांभाळायला कोण, हा प्रश्न सहसा सुटतो. पण दुसऱ्याला झोपेत ठेवून किंवा ‘डॉक्टरांकडे जातोय’ असे खोटे सांगून निघणे टाळावे. मुलांना अशा गोष्टी कळतातच आणि कळल्यावर ती रुसतात ते वेगळेच. भिंतीवरच्या कॅलेंडरवर दोघांच्याही तारखा एकाच बैठकीत लिहाव्यात, म्हणजे आज ताईचा दिवस असला तरी आपला कधी आहे, हे धाकट्याला बोट ठेवून दाखवता येते. तारखा शक्यतो नोव्हेंबर ते फेब्रुवारी या थंडीच्या महिन्यांतल्या घ्याव्यात. उत्तरायणात, म्हणजे संक्रांतीला, सगळे गाव पतंग उडवायला गच्चीवर असते, नवरात्रात रात्री उशिरापर्यंत गरबा चालतो आणि सकाळी कोणी वेळेवर उठत नाही, तेव्हा हे दोन्ही सण सोडून द्यावेत.

‘तुला कुठे जायचे आहे?’ असा मोकळा प्रश्न विचारला, तर सहा-सात वर्षांचे मूल मॉलचे तरी नाव घेते नाहीतर गप्प बसते. त्याऐवजी आपल्याला झेपतील अशा दोन जागा त्याच्यासमोर ठेवाव्यात आणि त्यातली एक त्याला निवडू द्यावी. माझ्या मते लहान मुलासाठी लक्ष्मी विलास पॅलेसपेक्षा कमाटीबाग कधीही सरस ठरते. राजवाड्यात पुष्कळ ऐकायचे असते आणि हात कशालाच लावता येत नाही. मूल दहा-अकरा वर्षांचे आणि चित्रांची आवड असलेले असेल, तर मात्र राजवाड्याच्या आवारातले महाराजा फत्तेसिंह संग्रहालय अवश्य निवडावे: तिथे राजा रविवर्मा यांची मूळ चित्रे आहेत, शिवाय ती इमारत पूर्वी राजघराण्यातल्या मुलांची शाळा होती आणि त्या मुलांसाठी आवारात छोटी आगगाडी धावत असे, हे ऐकल्यावर मुलांचे प्रश्न थांबत नाहीत.

कमाटीबाग, म्हणजेच सयाजीबाग, महाराजा सयाजीराव गायकवाड तिसरे यांनी 1879 मध्ये उभारली. सकाळी ऊन चढण्याआधी तिथे पोचावे, आणि प्राणिसंग्रहालय व वस्तुसंग्रहालय यांच्या वेळा व साप्ताहिक सुट्ट्या आदल्या दिवशीच पाहून ठेवाव्यात, कारण बंद दारासमोर रडणाऱ्या मुलाची समजूत घालणे कठीण असते. बागेतून विश्वामित्री नदी वाहते आणि तिच्यात खरोखरच्या मगरी आहेत. पुलावर कठड्याशी उभे राहून ओंडका कोणता आणि मगर कोणती हे ओळखण्यात अर्धा तास सहज जातो. मुलाचा हात धरून ठेवावा आणि काठावर मुळीच उतरू नये.

वस्तुसंग्रहालयाची इमारत 1894 ची आहे. तिथे सगळी दालने पाहण्याचा अट्टहास नको. मही नदीच्या मुखाशी वाहून आलेल्या निळ्या देवमाशाचा सांगाडा तेवढा निवांत पाहावा: मुलाला जबड्यापासून शेपटीच्या शेवटच्या मणक्यापर्यंत पावले मोजत चालायला सांगावे, मग बाबांनी चालावे, मग आईने, आणि तिघांचे आकडे वेगवेगळे का आले याचे उत्तर त्यालाच शोधू द्यावे. इजिप्तची ममीही तिथेच आहे, पण काही मुले तिला बिचकतात, म्हणून आत जाण्याआधी ती काय असते ते थोडक्यात सांगावे आणि नको म्हटले तर पुढे निघावे.

खाण्याच्या बाबतीत थोडी ढिलाई असू द्यावी. बडोद्याची सेव उसळ खायची असेल, तर तर्री वेगळी मागून घ्यावी. मुलाच्या ताटलीत नुसता वाटाणा, वर शेव आणि पातीचा कांदा घालून पाव द्यावा, आणि तर्रीचा एक थेंब चाखून पाहण्याचे धाडस त्याचे त्याला करू द्यावे. घरून पाण्याची बाटली आणि थोडा लीला चिवडा (बडोद्याचा ओलसर चिवडा) बरोबर असला की रांगेत उभे असतानाची कुरकुर टळते.

खरी परीक्षा आई-बाबांची असते. दोघे बरोबर असले की गॅसचा नंबर, शाळेची फी आणि सासर-माहेरची लग्ने असे विषय आपोआप निघतात आणि मूल मध्ये नुसते चालत राहते. हे विषय त्या दिवशी काढायचे नाहीत असे निघण्यापूर्वी ठरवून घ्यावे. एकाचा फोन घरच्यांसाठी चालू ठेवावा, दुसऱ्याचा पिशवीत बंद असावा. गणित, अक्षर, गुण यांचा उल्लेखही नको. दर तासाला ‘मजा येतेय ना?’ असे विचारल्याने मुलावर मजा करण्याचेच दडपण येते. त्यापेक्षा ते बोलेल तेव्हा पूर्ण ऐकून घ्यावे आणि त्याला बाकावर नुसते बसावेसे वाटले, तर आपणही बसावे. बरेच काही त्याच वेळी कानावर येते.

दुपारच्या झोपेची सवय असलेल्या मुलाला तीनच्या आत घरी आणावे. घरी असलेल्या भावंडासाठी खेळणे आणले की तुलना सुरू होते. सगळ्यांनी मिळून खाता येईल अशी भाकरवडी किंवा मिठाई न्यावी. दमलेल्या मुलाला लगेच सगळे सांगायला लावू नये, आजी विचारतीलच. दुसऱ्या मुलाची तारीख काही कारणाने मोडावी लागलीच, तर नवी तारीख त्याच दिवशी, त्याच्यासमोर कॅलेंडरवर लिहावी.